प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी : अनेक विषयांचा एक प्राध्यापक



मुलाने एक विषय सोडून दुसरा धरला की आपल्या घरात काळजी सुरू होते. 'धड ना हे, धड ना ते' असे होईल, कॉलेजात कोण उभे करील, अशी भीती वाटते. ही भीती खोटी नाही. पण ज्या थोर पुरुषाने असा प्रवास करून दाखविला, त्याचे चरित्र आपण अवश्य जाणून घ्यावे.

दामोदर कोसंबी यांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे मोठे पंडित. शाळा-कॉलेजची रीतसर पदवी नसताना केवळ विद्येच्या बळावर ते प्राध्यापक झाले होते. वडिलांबरोबर लहान वयात दामोदर अमेरिकेस गेले. 1929 साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी त्यांनी उच्च सन्मानाने मिळविली. गणिताबरोबर अनेक युरोपीय भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. मात्र पुढे डॉक्टरेट केली नाही.

भारतात परतल्यावर ते बनारस हिंदू विद्यापीठात रुजू झाले आणि गणिताबरोबर जर्मन भाषाही शिकवू लागले. तेथून आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी सुमारे बारा वर्षे गणित शिकविले. 1934 साली त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले.

आता विषय कसे बदलले ते पाहा. संख्याशास्त्र नीट समजावे म्हणून त्यांना प्रत्यक्ष उदाहरण हवे होते. नाणे हातोहाती फिरले की झिजते, वजन घटते. म्हणून त्यांनी प्राचीन नाणी हजारोंच्या संख्येने तोलली. नाणी कोणी पाडली, हा प्रश्न त्यातूनच निघाला. त्याचे उत्तर जुन्या ग्रंथांत. त्यासाठी संस्कृत हवे. म्हणून भर्तृहरीचे काव्य हाती घेऊन ते संस्कृत शिकले, आणि 1948 साली त्याच काव्याची चिकित्सक आवृत्ती त्यांनी प्रसिद्ध केली. 1956 साली भारतीय इतिहासावरील त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. पुण्याच्या आसपासचे डोंगर, लेणी आणि खेड्यातील देवस्थाने त्यांनी पायी हिंडून अभ्यासली. गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर मोजण्याचे त्यांचे 1944 चे सूत्र आजही पिकांच्या संशोधनात वापरतात. आपल्यासारख्या शेतकरी मुलखाने हे विशेष लक्षात ठेवावे.

वाट मात्र सुखाची नव्हती. 1945 साली फर्ग्युसनची नोकरी सुटली. 1946 पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते काम करीत. पुण्याहून डेक्कन क्वीनने जात-येत. 1962 साली तेथील करारही संपला. पण अभ्यास थांबला नाही. 29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या चरित्रापासून कोणता बोध घ्यावा? डॉक्टरेटशिवाय प्राध्यापक होता येते, असा नव्हे. तो काळ गेला. आज सर्वसाधारणपणे पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण, शिवाय नेट किंवा सेट उत्तीर्ण होणे अथवा पीएच.डी. लागते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, विषय बदलायचा असेल तर आधी विद्यापीठाचे नियम वाचा आणि ज्या विषयात शिकवायचे त्यात पदव्युत्तर पदवी घ्या. पहिला विषय वाया जात नाही. कोसंबींना गणितानेच इतिहासाचे दार उघडून दिले. मात्र त्यांनी कंटाळा आला म्हणून एकही विषय सोडला नाही. हाती घेतलेल्या प्रश्नाने जिकडे नेले, तिकडे ते गेले.

आणि पालकहो, मुलगा असो वा मुलगी, विषय बदलायचा म्हणाली तर रागावण्यापूर्वी एवढेच विचारा : कोणत्या प्रश्नासाठी? उत्तर मिळाले, तर तिच्या पाठीशी उभे राहा.