कील रोवणारा गुरू पद्मसंभव

संग्रहालयातील तिबेटी दालनात एक तिधारी खंजीर अनेकदा दिसतो. मुठीवर बहुधा तीन उग्र मुखे आणि खाली मकराच्या जबड्यातून बाहेर आलेले तीन धारांचे पाते. पाहणाऱ्याला ते शस्त्र वाटते. वस्तुतः ती खुंटी आहे. तिबेटी भाषेत तिला फुर्बा म्हणतात. संस्कृतातील मूळ शब्द कील, म्हणजे आपला खिळा. हा विधी तिबेटात नेण्याचे श्रेय परंपरेने आचार्य पद्मसंभव यांना दिले आहे.

पद्मसंभव आठव्या शतकातील. त्यांची जन्मभूमी ओडियान. अनेक अभ्यासकांच्या मते ती आजच्या पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात असावी. ते कमळात प्रकटले, ही आख्यायिका. नेपाळमधील फार्पिंगच्या गुहेत साधना करताना विघ्ने आली, तेव्हा त्यांनी वज्रकीलाचे ग्रंथ मागवून घेतले, असे परंपरा सांगते. दुनहुआंग येथे सापडलेल्या दहाव्या शतकातील हस्तलिखितातही या घटनेचा उल्लेख आहे.

त्या काळी तिबेटचा राजा त्रिसोंग देत्सेन साम्ये येथे पहिला बौद्ध विहार उभारत होता. दिवसा रचलेल्या भिंती स्थानिक देवता आणि भुते रात्री पाडून टाकत, अशी कथा आहे. आचार्य शांतरक्षितांच्या सल्ल्यावरून राजाने पद्मसंभवांना पाचारण केले. त्यांनी त्या देवतांचा संहार केला नाही. त्यांना शपथेने बांधून धर्माचे रक्षक केले. इ. स. ७७९ च्या सुमारास विहार पूर्ण झाला.

फुर्ब्याचा अर्थही हाच. भारतीय तंत्रविधीत मंडलाच्या सीमेवर खैराच्या खुंट्या रोवून विघ्ने जागीच खिळवून ठेवीत. तिबेटात तिच्या तीन धारा राग, द्वेष आणि मोह या तीन विषांचा छेद करणाऱ्या मानल्या गेल्या. वार माणसावर नव्हे, मनातील विकारांवर करायचा.

दरबाराच्या मनातील संशय मात्र या गुरूला खिळवता आला नाही. बा घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या बखरीनुसार, त्यांच्या सामर्थ्याची धास्ती घेतलेल्या दरबाऱ्यांमुळे त्यांना लवकरच परत पाठवण्यात आले. पुढील चरित्रकारांनी त्यांचा मुक्काम कितीतरी वाढवला. ञिङ्मा पंथाने त्यांना दुसरा बुद्ध मानले. भूतानमधील पारोच्या कड्यावर ते वाघिणीवर स्वार होऊन आले, असे भाविक मानतात. त्या उग्र रूपात त्यांच्या एका हाती वज्र, तर दुसऱ्या हाती फुर्बा असतो.

इतिहासाला त्यांच्याविषयी थोडेच ठाऊक आहे. श्रद्धेने मात्र भरभरून सांगितले आहे. पुरातन वस्तूंच्या बाजारात फुर्बा खंजीर म्हणून विकला जातो, तेव्हा त्याची धार तेवढी दिसते. विरोधकाला न मारता आपल्या बाजूला उभे करण्याचा त्यामागील विचार दृष्टीआड होतो. पद्मसंभवांच्या कथेचे सार त्याच विचारात आहे.