संपाचा हक्क आणि ना. म. जोशी

मुंबईतील डिलाइल रोडला नारायण मल्हार जोशी यांचे नाव देण्यात आले, तेव्हा त्या रस्त्याच्या दुतर्फा गिरण्यांचे भोंगे वाजत होते. आज भोंगे नाहीत आणि गिरण्याही नाहीत. परंतु ज्या प्रश्नासाठी जोशी यांनी हयात वेचली, तो मात्र कायम आहे.

कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे १८७९ साली जन्मलेले जोशी १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. वृत्तीने ते मवाळ होते. अर्ज, चौकशी आणि वाटाघाटी यांवर त्यांची श्रद्धा. १९२० साली आयटकच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला, त्याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीतील झगड्यावरून मालकांनी वाडिया प्रभृती कामगार पुढाऱ्यांना न्यायालयात खेचले व त्यांच्याविरुद्ध मनाईहुकूम मिळविला. संप घडविणे हा कायद्याच्या दृष्टीने कट ठरू शकतो, हे त्यातून उघड झाले. १९२१ मध्ये जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला. त्याचे फळ म्हणजे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. नोंदलेल्या संघटनेस फौजदारी कटाच्या आरोपापासून आणि नुकसानभरपाईच्या दाव्यापासून त्याने बऱ्याच अंशी अभय दिले.

पण एका हाताने दिलेले सरकारने दुसऱ्या हाताने काढून घेतले. १९२८ च्या मुंबईतील प्रदीर्घ गिरणी संपानंतर १९२९ चा औद्योगिक कलह कायदा आला. लोकोपयोगी सेवांतील मासिक वेतनावरील कामगारांना संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस सक्तीची झाली. आपल्या धंद्यातील कलहापलीकडचा हेतू धरून, समाजाला हालात लोटून सरकारला नमविण्यासाठी केलेला संप बेकायदा ठरला. जोशी हे सरकारनियुक्त सभासद. तरीही त्यांनी या तरतुदींना कसून विरोध केला. ८ एप्रिल रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले, ते याच विधेयकाच्या संमतीनंतर. मार्ग दोन, पण रोष एकाच कायद्यावर!

त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात जहालांशी न पटल्याने जोशी आयटकमधून बाहेर पडले. संप हे अखेरचे शस्त्र होय, असे मानणारा हा माणूस होता. म्हणूनच त्याच्या विरोधाचे मोल अधिक. शस्त्र क्वचित उगारावे हे खरे. परंतु ते म्यानातच गंजावे अशी व्यवस्था झाली, तर वाटाघाटीच्या मेजावर कामगाराच्या शब्दाला वजन उरत नाही.

३० मे १९५५ रोजी जोशी निवर्तले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने नोटिशीची अट लोकोपयोगी सेवांपुरतीच ठेवली होती. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती सर्वच औद्योगिक आस्थापनांपर्यंत नेली. ज्या संयमी पुरुषाने अपवादालाही हरकत घेतली, त्याच्या नावाच्या रस्त्यावरून जाताना, अपवादाचा नियम होऊ देताना आपण काय गमावले, याचा हिशेब राज्यकर्त्यांनी आणि कामगार पुढाऱ्यांनीही मांडला पाहिजे.