एमिली द्यू शातले : टक्करीनंतर काय उरते, याचा वेध घेणारी विदुषी

१७४९ चा उन्हाळा एमिली द्यू शातले यांनी काळाशी शर्यत लावून घालवला. त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, गर्भवती होत्या आणि या बाळंतपणातून आपण उठणार नाही, ही शंका त्यांना सोडत नव्हती. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चे लॅटिनमधून फ्रेंचमध्ये चाललेले भाषांतर आणि त्यावरील भाष्य प्रसूतीपूर्वी हातावेगळे करायचे होते.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १७०६ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील चौदाव्या लुईच्या दरबारात अधिकारी होते. १७२५ मध्ये मार्की द्यू शातले यांच्याशी विवाह झाला, तीन अपत्ये झाली. त्यानंतर मॉपेर्त्युई आणि क्लेरो या गणितज्ञांकडून त्यांनी उच्च गणिताचे धडे घेतले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व स्त्रियांना खुले नव्हते. तेव्हा शांपान्य प्रांतातील सिरे येथील पतीच्या गढीतच त्यांनी ग्रंथालय आणि प्रयोगशाळा उभी केली. तेथे साहित्यिक व्होल्तेर यांची त्यांना सोबत होती.

गतिमान वस्तूच्या अंगी किती बळ असते, या प्रश्नावर त्या काळी युरोपातील विद्वानांत दोन तट होते. देकार्त यांच्या अनुयायांच्या मते वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार हे त्याचे माप. लायब्नित्स यांनी १६८६ मध्ये वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, असे माप सुचवले आणि पुढे त्याला ‘जिवंत बल’ म्हटले. वाद शब्दांचा वाटतो, पण एका टक्करीचा हिशेब मांडला की त्यातील मर्म उघड होते. एक एकक वस्तुमानाचा, दोन एकक वेगाचा गोळा तीन एकक वस्तुमानाच्या स्थिर गोळ्यावर समोरून आदळला आणि दोन्ही गोळे पूर्ण स्थितिस्थापक असले, तर पहिला एक एकक वेगाने मागे उसळतो आणि दुसरा तितक्याच वेगाने पुढे जातो. देकार्त यांच्याप्रमाणे दिशा न पाहता बेरीज केली, तर आधीचे दोन नंतर चार होतात. मागे जाणाऱ्या गोळ्याचा वेग उणे धरला, तर बेरीज दोनच राहते. हा आजचा संवेग. वेगाच्या वर्गाचा हिशेब केला, तर आधी चार आणि नंतरही चारच. दोन्ही मापे टिकतात, फक्त ती दोन वेगळ्या गोष्टींची आहेत, हे उमगायला अनेक दशके जावी लागली.

शातले प्रथम देकार्त यांच्या मापाच्या बाजूच्या होत्या. अग्नीविषयीच्या आपल्या निबंधात त्यांनी त्या पक्षाचे द मेरां यांची वाखाणणीही केली होती. पुढे लायब्नित्स वाचल्यावर त्यांनी मत बदलले, आणि तेही उघडपणे. १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भौतिकशास्त्राची मूलतत्त्वे’ या ग्रंथात त्यांनी जिवंत बलाचा पुरस्कार करताना त्याच मेरां यांचे युक्तिवाद खोडून काढले. विलेम ग्रावेसांडे यांनी हॉलंडमध्ये पितळेचे गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले होते. वेग दुप्पट झाला की मातीतला खड्डा चौपट होई. हा प्रयोग पुष्कळदा शातले यांच्याच नावावर सांगितला जातो, ते खरे नव्हे. अशा पुराव्यांना तत्त्वज्ञानाची बैठक देऊन फ्रेंच वाचकांपुढे मांडणे, हे त्यांचे काम. आणि ते लहान नव्हते.

मातीचे दोन सारखे गोळे समोरासमोर आदळून जागीच थांबले, तर ते बळ गेले कुठे, हा या पक्षापुढचा अवघड प्रश्न होता. ते नाहीसे होत नाही, वस्तूच्या सूक्ष्म कणांत जाते, असे उत्तर लायब्नित्स यांनी दिले होते. उष्णतेचा काटेकोर हिशेब लागून त्याची खात्री पटायला एकोणिसावे शतक उजाडले.

मेरां तोवर अकादमीचे सचिव झाले होते. १७४१ मध्ये त्यांनी शातले यांना छापील पत्रातून उत्तर दिले आणि त्यांनी आपला प्रबंध नीट वाचला नसल्याचे सुचवले. काही आठवड्यांतच शातले यांचे मुद्देसूद प्रत्युत्तर छापून आले. याच सुमारास त्यांचे एक शिक्षक क्योनिग हा ग्रंथ म्हणजे आपलेच धडे असल्याचे सांगत फिरत होते. खुद्द व्होल्तेर यांनीही जिवंत बलाविषयी शंका घेणारा निबंध अकादमीला सादर केला. घरातल्या माणसाचाही पाठिंबा नसताना शातले आपल्या मतावर ठाम राहिल्या. १७४६ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले.

सप्टेंबर १७४९ च्या प्रारंभी ल्युनेव्हिल येथे त्यांना मुलगी झाली. भाषांतराचे हस्तलिखित त्यांनी राजग्रंथालयाच्या हवाली करण्याची व्यवस्था केली होती. १० सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. ती मुलगीही फार जगली नाही. संपूर्ण भाषांतर छापून झाले १७५९ मध्ये, हॅलेचा धूमकेतू परतला त्या वर्षी. त्याच्या परतीची वेळ न्यूटनच्या सिद्धांतावरून वर्तवणारे क्लेरो, हे भाषांतर तपासण्यातही शातले यांच्यासोबत होते.