सम्राटाने आपल्या मुलखात राजधानी का केली नाही?

लिऊ बांग हा पूर्व चीनमधल्या पेईचा, शेतकऱ्याचा पोरगा. छिन राजवटीविरुद्धच्या बंडात उतरला आणि इ. स. पू. 206 मध्ये त्याने राजधानी श्यानयांग ताब्यात घेतली. पण त्याच्याहून बलाढ्य असलेल्या श्यांग यूने ते शहर जाळलं आणि स्वतःच्या मुलखाच्या ओढीने पूर्वेकडचं फंगछंग राजधानी केलं.

इ. स. पू. 202 मध्ये श्यांग यूला हरवून लिऊ बांग सम्राट झाला. दरबार भरला लुओयांगला. बहुतेक दरबारी पूर्वेकडचे, त्यांना घरापासून जवळ पडणारं हेच शहर हवं होतं.

तेव्हा सीमेवर पहाऱ्याला निघालेल्या लोऊ जिंग नावाच्या साध्या सैनिकाने सल्ला दिला, की राजधानी पश्चिमेला न्या. तिथे वेई नदीकाठची सुपीक जमीन, भोवती डोंगर आणि पूर्वेकडून आत यायला मोजक्याच खिंडी. म्हणजे धान्य घरचं आणि राखणही सोपी. सल्लागार चांग लिआंगनेही हेच सांगितलं आणि सम्राट त्याच दिवशी निघाला.

तिथे, आजच्या शिआनजवळ, छांगआन उभं राहिलं. इ. स. पू. 195 मध्ये लिऊ बांग वारला. पुढे 154 मध्ये त्याच्याच कुळातल्या सात राजांनी पूर्वेकडून बंड केलं, ते तीन महिन्यांत मोडलं. बंडखोर छांगआनपर्यंत पोहोचलेच नाहीत.