कानाने तार वाचणारा पोऱ्या

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एके काळी तार आली म्हणजे घरात आधी रडारड होई, मग लिफाफा उघडला जाई. मुंबईस चाकरीला गेलेल्या माणसाचे बरेवाईट त्या कागदात असे. 2013 सालच्या जुलैत ही तारसेवा देशातून बंद झाली. तथापि तारमास्तर ज्या कट्टकडकट्टातून अक्षरे ओळखी, ती विद्या गरिबाच्या मुलास कोठवर नेते, हे अँड्र्यू कार्नेगीच्या चरित्रावरून कळते. म्हणून ते आम्ही आमच्या व्यापारी वाचकांपुढे ठेवीत आहो.

कार्नेगी 1835 साली स्कॉटलंडातील डन्फर्मलिन गावी विणकराच्या घरी जन्मला. वाफेच्या मागांनी बापाचा धंदा बुडविला व 1848 साली हे कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गजवळ येऊन राहिले. मुलगा सूतगिरणीत आठवड्यास एक डॉलर वीस सेंटांवर राबू लागला. पुढल्या साली त्यास तारऑफिसात तारा पोचविण्याचे काम मिळाले. तारमास्तर येण्यापूर्वी ऑफिस झाडणे हेही या पोरांकडेच असे. झाडलोट आटोपली की तो यंत्राच्या चावीवर हात बसवी आणि दुसऱ्या गावच्या पोरांशी तारेवरून बोले.

त्या काळी यंत्र कागदाच्या पट्टीवर टिंबे व रेघा उमटवी आणि ती पाहून मजकूर लावण्याची रीत होती. नुसत्या कानावर भिस्त ठेवणे धोक्याचे मानीत. कार्नेगीने मात्र पट्टीकडे पाहणे सोडले. ही विद्या टिंबे मोजून येत नाही. दशावतारातील पखवाजी मात्रा मोजीत बसत नाही, बोल सबंध ओळखतो. तसेच अक्षर एका नादाने आणि पुढे सबंध शब्दही एका चालीने कानास ओळखू यावा लागतो. रोजच्या सरावावाचून हे साधत नाही. असे तारमास्तर तेव्हा थोडे होते. म्हणून त्यास महिना 25 डॉलरची तारमास्तरी मिळाली. 1853 साली पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या एका अधिकाऱ्याने त्यास 35 डॉलरांवर आपल्या हाताखाली घेतले. तेथून वाढत तो पोलादाच्या धंद्यात शिरला व 1901 साली तो धंदा त्याने सुमारे 48 कोटी डॉलरांस विकला.

त्याचे सारेच अनुकरणीय नव्हे. 1892 साली त्याच्या होमस्टेडच्या कारखान्यात मजुरीवरून तंटा होऊन माणसे मेली. तो डाग संपत्तीने धुतला गेला नाही. परंतु लहानपणी कर्नल अँडरसन या गृहस्थाने आपली सुमारे 400 पुस्तके कामकरी मुलांस खुली केली होती, हा उपकार तो विसरला नाही. त्याच्या देणगीतून अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. 1919 साली तो वारला.

सकाळच्या त्या तासात चावीस हात लावू नको, असे दटावणारा मालक भेटता, तर पोऱ्या पोऱ्याच राहता. सावंतवाडी, वेंगुर्ले येथे वाचनालये जुनी आहेत. त्यांत आमच्या दुकानांतील किती मुले जातात? झाडू मारणाऱ्या मुलास हिशेबाची वही उघडून दाखविणारे व्यापारी किती? ज्याने त्याने आपल्या दुकानापुरता हा हिशेब करावा.