जेम्स वॅट यांची दहा वर्षे

जेम्स वॅट यांचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरगावी झाला. किटलीची दंतकथा आपण सारे जाणतो. त्यांची दहा वर्षांची तपश्चर्या मात्र क्वचितच सांगितली जाते.

१७६५ मध्ये वाफ निराळ्या पात्रात थंड करण्याची युक्ती त्यांना सुचली. परंतु लहान नमुन्यात साधलेले काम मोठ्या एंजिनात साधेना. अवजड सिलिंडर आतून नेमका गोल कोरणारे यंत्रच तेव्हा नव्हते. दट्ट्याच्या कडेने वाफ निसटे. बूच, तेलकट चिंध्या कोंबूनही ती थांबेना. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत हिंडले. १७७३ मध्ये पत्नीही निवर्तली.

अखेर १७७५ मध्ये लोखंडाचे कारखानदार जॉन विल्किन्सन यांनी सिलिंडर जागीच पक्का बसविला, त्यातून आरपार जाड दांडा घालून दोन्ही टोकांना आधार दिला आणि दांड्यावरचे हत्यार फिरविले. ५० इंची सिलिंडर नेमका गोल उतरला. १७७६ मध्ये एंजिन चालू झाले. १८१९ मध्ये वॅट निवर्तले.

आमच्या बडोद्यात मकरपुऱ्याच्या एखाद्या लहान कारखान्यात लेथवर न मावणारा जॉब जागी बांधून हत्यार फिरविले जाते, तेव्हा त्या दहा वर्षांचे फळच आम्ही पाहत असतो.