युसूफ आदिलशाह
युसूफ आदिलशाह (मृत्यू: इ.स. १५१०) हा विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक होता. दाभोळ आणि गोवा ही पश्चिम किनाऱ्यावरील महत्त्वाची बंदरे त्याच्या ताब्यात होती. युरोपीय सागरी सत्तेशी संघर्ष कराव्या लागलेल्या पहिल्या दख्खनी राज्यकर्त्यांमध्ये त्याची गणना होते.

पूर्वायुष्य
इतिहासकार फरिश्ता याच्या मते युसूफ हा ओस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा पुत्र होता. १४५१ मध्ये दुसरा मेहमेद गादीवर आला, तेव्हा आईने त्याला मृत्यूच्या आज्ञेतून वाचवून इराणमधील सावा येथील एका व्यापाऱ्याच्या हवाली केले, अशी ही कथा आहे. आधुनिक अभ्यासक तिच्याविषयी साशंक आहेत. दख्खनमध्ये आल्यावर तो बहमनी वजीर महमूद गवान याच्या आश्रयाने पुढे आला.

राज्यस्थापना
१४८१ मध्ये गवानला देहदंड झाल्यावर बहमनी सत्ता खिळखिळी झाली. १४९० च्या सुमारास युसूफने विजापुरास स्वतंत्र कारभार सुरू केला. त्याची पत्नी मराठा घराण्यातील होती. पुढे त्याने शिया पंथाला राजाश्रय दिला.

व्यापारमार्ग आणि गोवा
ओस्मानी तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकून व्यापारमार्ग बंद केल्यामुळे युरोपीय लोक भारताचा सागरी मार्ग शोधू लागले, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. युसूफच्या हयातीत तांबड्या समुद्राचा मार्ग इजिप्तच्या मामलुक सुलतानांकडे होता. ओस्मानींनी इजिप्त जिंकला तो १५१७ मध्ये. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेकडील मोहिमाही १४५३ पूर्वीच सुरू झाल्या होत्या. अलेक्झांड्रिया व व्हेनिसमार्गे चालणाऱ्या मसाल्याच्या व्यापारातील नफा थेट मिळवणे, हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. ओस्मानींना मात्र व्यापारावरील जकातीचे उत्पन्न हवे असल्याने तो चालू राहण्यातच त्यांचे हित होते.

या स्पर्धेची झळ युसूफच्या राज्याला थेट बसली. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळ उद्ध्वस्त केले. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या लढाईत त्यांनी मामलुक व गुजरातच्या आरमारांचा पराभव केला. या लढाईतून वाचलेल्या काही तुर्की सैनिकांनी गोव्यात आश्रय घेतला. शिवाय अरबस्तान व होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांचे गोवा हे मोठे बंदर होते. दख्खनच्या घोडदळांची भिस्त या आयातीवर असल्याने त्यावरील ताबा लष्करी दृष्ट्या निर्णायक होता.

१५१० च्या आरंभी आफोन्सो दि आल्बुकर्कने गोवा घेतला. आदिलशाही सैन्याने तो मे महिन्यात परत मिळवला; परंतु २५ नोव्हेंबर १५१० रोजी तो कायमचा गेला.

मृत्यू आणि वारसा
युसूफला गोगी येथे दफन करण्यात आले. त्याच्यानंतर अल्पवयीन पुत्र इस्माईल गादीवर आला. गोव्याबरोबर घोड्यांच्या आयातीवरील नियंत्रण पोर्तुगीजांकडे गेले.

युसूफची कन्या मरियम हिचा विवाह १५२४ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी सोलापुरात झाला. सोलापूरचा किल्ला आंदण देण्याचे ठरले होते; तो न मिळाल्याने दोन्ही राज्यांत दीर्घकाळ युद्धे झाली. पुढे चाँदबिबीच्या विवाहात हा किल्ला आंदण म्हणून आदिलशाहीकडे आला. किनारा परकी आरमाराच्या हाती जात असताना दख्खनी सुलतान सोलापुरासारख्या सीमेवरील किल्ल्यांसाठी आपसांत लढत राहिले.